दोन बोटांचा उतार

कुनमिंग, २७ जानेवारी २०१६

मेंग दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे चुलीत टाकलं नाही, याबद्दल आधी आभार. फोन करण्यात अर्थ नव्हता. पन्नास वर्षं तांब्याची पातेली ठोकून तुमचे कान गेले, आणि शाबूत असते तरी माझ्यासाठी तुम्ही ते वापरले नसते. नऊ वर्षं तुमची खुशाली मला तुमच्या बहिणीकडून, शियुनकडूनच कळते. तिच्या नवऱ्याची खुशाली तुम्ही विचारत नाही, हेही कळतं.

कामाचं लिहितो. रविवारी कुनमिंगमध्ये बर्फ पडलं. सोमवारी ऊन आलं आणि शहरातल्या निम्म्या गच्च्यांवरून पाणी ठिबकायला लागलं. इथलं काम किरकोळ आहे, ते मी निस्तरेन. खरी अडचण तुमच्या बाजूला आहे. हुईझेहून दोन तासांवर, डोंगरात, मुलींची निवासी शाळा आहे. तिच्या गच्चीवर मी चार वर्षांपूर्वी उन्हावर पाणी तापवणाऱ्या चाळीस पेट्या बसवल्या. सगळ्या आतून तांब्याच्या. चार रांगा, रांगेत दहा. पेटीत दहा उभ्या नळ्या, त्यांना चिकटवलेला काळा पत्रा, वर-खाली आडवे पाइप. सगळे जोड माझ्या हातचे.

काल जाऊन पाहिलं. चाळीसपैकी एकतीस फुटल्या. एकशे सत्तावीस फाटी आहेत, मोजल्या. बहुतेक खालच्या आडव्या पाइपावर, थोड्या उभ्या नळ्यांच्या बुडाशी, तळापासून बारा सेंटिमीटरच्या आत. फाट लांबट, कडा बाहेर वळलेल्या, माशानं तोंड उघडावं तशी. फुटण्याआधी तांबं फुगलेलं दिसतं. बिचाऱ्यानं होईल तेवढं धरून ठेवलं होतं.

गारठ्याच्या दिवसांत संध्याकाळी खालचा कॉक उघडून पेट्या रिकाम्या करायच्या, हे मी शाळेच्या चौकीदाराला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. शेन त्याचं नाव, वय एकोणसाठ. तो म्हणतो, शनिवारी कॉक उघडला, दहा मिनिटं पाणी आलं, थांबलं, मग बंद केला. मुख्याध्यापिका दुआन बाई म्हणाल्या, "पाणी गेलं होतं तर फुटलं कशानं?" मी म्हणालो, "पेट्या रिकाम्या असत्या तर फुटल्या नसत्या." हे वाक्य शब्दाशब्दानं खरं आहे. सुट्टीनंतर शेनच्या जागी दुसरा माणूस येणार असं ठरतंय.

चोवीस फेब्रुवारीला मुली परत येतील. तीनशे ऐंशी. कोळशाचा बंब शाळेनं मागेच मोडीत काढला. काचेच्या नळ्यांच्या पेट्या विकणारा माणूस माझ्याआधी गच्चीवर पोचला होता.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. एवढ्या फाटी जागेवर दुरुस्त होतील, की एकतीस पेट्या उतरवाव्या लागतील? पातळ तांब्याचं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही.

नऊ पेट्या का वाचल्या, ते मला माहीत नाही.

देंग शीलीन


कुनमिंग, ६ फेब्रुवारी २०१६

दादा,

मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य खोटं होतं. मी खोटी मापं देत नाही, म्हणून आधी ते दुरुस्त करतो. नऊ पेट्या का वाचल्या ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

गच्चीवर गेल्यावर मी सवयीनं आडव्या पाइपांवर पाणसळ ठेवली. पहिल्या तीन रांगांत बुडबुडा अगदी मधोमध. चार वर्षांनंतरही आधार केसभर हललेले नाहीत. मला, काय सांगू, बरं वाटलं. खाली पाइप फाटलेला आणि मी बुडबुडा बघून खूश. मग चौथी रांग. तिथं पूर्वेकडची गच्ची खचली आहे. पाइप तिरका झालाय, एका टोकाला जवळपास तीन सेंटिमीटर खाली. त्या रांगेतल्या दहापैकी नऊ पेट्या धड आहेत. माझ्या हातानं सरळ बसवलेल्या सगळ्या फुटल्या, आणि गच्चीनं वाकड्या केलेल्या तेवढ्या वाचल्या.

नऊ वर्षांपूर्वी आपण दोघं जिथं पाइप बसवत होतो, ते कुनमिंगचं पाहुणघर तुम्हाला आठवत असेल. आठवत असेल कसलं, त्याच दिवशी तुम्ही हत्यारांची पिशवी उचलून हुईझेला गेलात. तुम्ही म्हणाला होतात, "शीलीन, पाइपला दोन बोटं उतार दे. तांबं मऊ असतं. आज सरळ दिसेल, पण उद्या दोन आधारांच्या मधे आपल्याच वजनानं पोट काढेल. त्या पोटातलं पाणी कधी निघत नाही."

मी पाणसळ काढून मालकाच्या नाकासमोर पाइपावर ठेवली आणि म्हणालो, "दादा, ही बटाटेभाताची पातेली नाहीत. इथं बोटांनी मोजत नाहीत." मालक हसला. कामावरची माणसं हसली. तुम्ही तेव्हा इतके बहिरे नव्हता.

तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि गोठलं तर?"

मी म्हणालो, "कुनमिंगमध्ये बर्फ पडलं की बघू."

नऊ वर्षं मी खरा ठरत गेलो. या शहरात पाणी गोठतच नाही, त्यामुळे माझी चूक कुणाला सापडायचं कारण नव्हतं. मग तेच माप, तीच पाणसळ घेऊन मी डोंगरावर गेलो, जिथं दर हिवाळ्यात डबक्यांवर पापुद्रा धरतो. आधीचे हिवाळे थोडक्यात निभावले. हा नाही निभावला.

आता शेनचं. परवा पुन्हा गेलो होतो तर त्यानं मला चहा दिला. निघताना हळूच विचारलं, "देंग मिस्त्री, मी अजून पाच मिनिटं कॉक उघडा ठेवायला हवा होता का?" तो कॉक पंधरा दिवस उघडा ठेवला असता तरी आतलं पाणी निघालं नसतं. मी म्हणालो, "बघू." दादा, मी "बघू" म्हणालो आणि बसमध्ये बसलो.

शियुन बघते आहे. आठवडाभर मी जेवणाच्या टेबलावर एक फाटलेली नळी ठेवून मोजतोय. काल ती म्हणाली, "दहाव्यांदा विचारल्यावर ती वेगळं उत्तर देणार आहे का? बाजूला घ्या, वाडगे ठेवायचेत."

परवा नवं वर्ष लागतं; त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माहेरी येईल. नेहमीसारखी एकटी. हे पत्र तिच्याच हाती देतो. वाचावंत, एवढंच मागणं. उत्तराची सक्ती नाही.

शीलीन


हुईझे बसस्थानक, ११ फेब्रुवारी २०१६

दादा,

तुमचं उत्तर काल संध्याकाळी शियुनने आणलं. पातेल्याच्या वेष्टनाच्या कागदावर तीन ओळी. फाटीच्या दोन्ही अंगांना दोन-दोन बोटं कापायचं. बाहेरून तांब्याची बाही चढवायची. ज्योत बाहीवर धरायची, नळीवर नाही. म्हणजे पेट्या उतरवाव्या लागणार नाहीत. या तीन ओळींसाठी मी तुमचा किती ऋणी आहे ते लिहीत बसलो असतो, पण खाली चौथी ओळ होती. "चौकीदाराला सांगितलंस का?"

शियुन सांगत होती, तुम्ही पत्र वाचलंत, जेवलात आणि मग पुन्हा वाचलंत. वहिनींनी विचारलं काय लिहिलंय, तर म्हणालात, "कुनमिंगमध्ये बर्फ पडलं." हे सांगताना शियुन इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. नऊ वर्षांत मी आमच्या घरात एवढा मोठा विनोद केलेला नाही.

आज पहाटेच्या बसनं शाळेच्या गावी गेलो. आधी शेनच्या घरी. सणाचे दिवस, दारावर नवे लाल कागद. तो सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. मी उभ्यानंच सांगितलं की पाणी तुझ्यामुळे राहिलं नाही, मी पाइप सरळ बसवला म्हणून राहिलं.

तो म्हणाला, "म्हणजे कॉक मी नीट उघडला होता?"

"हो."

"किती मिनिटं उघडा ठेवायला हवा होता?"

"कितीही ठेवला असतास तरी उपयोग नव्हता."

त्यानं हातातल्या बिया खाली ठेवल्या. मग आत हाक मारली, "अगं, बाहेर ये. मिस्त्री काय म्हणतायत ते ऐक." बायको आली. "आता पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.

"अजून एकदा सांगा. तिला ऐकू येतं, पण सांगा."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. ती बाई हात पुसत म्हणाली, "अठरा दिवस हा माणूस झोपेत मिनिटं मोजतोय." मग तिनं मला बसायला लावलं. तांब्याच्या पातेल्यातला बटाटेभात होता, तळाला हॅमचे तुकडे, खरपूस पापुद्रा. पातेलं तुमच्या पेठेतलं होतं. कडेची ठोक पाहून ओळखलं. मला वाटलं होतं ते मला दाराबाहेर काढतील. त्यांनी पापुद्र्यातला मोठा तुकडा माझ्या वाडग्यात घातला. एवढ्यात मला कुणी इतकं लाजवलं नव्हतं.

तिथून शेनला घेऊनच दुआन बाईंकडे गेलो. त्या शाळेच्या आवारातच राहतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "थांबा, मला नीट समजू दे. तुम्ही काम वाकडं केलंत म्हणून फुटलं?"

"नाही. सरळ केलं म्हणून."

"देंग मिस्त्री, मी सव्वीस वर्षं मुलींना सरळ रेघा मारायला शिकवतेय. हे त्यांना सांगू नका." मग शेनकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला मी जे बोलले ते मागे घेते. नवा माणूस येणार नाही." शेन म्हणाला, "बाई, सणाच्या दिवसांत तुम्ही कशाला असलं बोलता," आणि चपला शोधायला लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

मी सगळं लिहून दिलं. दोष माझा, दुरुस्ती माझ्या खर्चानं. बाईंनी कागद घडी करून ठेवला आणि विचारलं, "काचेवाला दोन दिवसांत बसवून देतो म्हणतो. मी तांबंच का ठेवू, एका वाक्यात सांगा."

मी म्हणालो, "काच फुटली की झाडूनं भरावी लागते. तांबं फाटलं की कापून जोडता येतं."

"मग जोडा. वीस तारखेपर्यंत."

हिशेब असा आहे. मी एकटा दिवसाला नऊ जोड नीट करतो. दहावा करू शकतो, पण तो नऊसारखा होत नाही. उद्यापासून वीसपर्यंत नऊ दिवस, म्हणजे एक्क्याऐंशी. सेहेचाळीस उरतात. शिवाय चारही रांगांचे आधार सोडवून उतार द्यायचा आहे. कुनमिंगमध्ये माझ्याकडे माणसं आहेत, पण इतक्या पातळ तांब्यावर बाही बसवणारा एकही नाही. मी तुम्हाला बोलावत नाही. फक्त आकडा सांगतो.

हे पत्र तुमच्या दुकानाच्या फळीखालून आत सरकवून डोंगराची परतीची बस धरतो. दुकानातून ठोकण्याचा आवाज इथं स्थानकापर्यंत येतोय. सणातही तुम्ही काम बंद ठेवलेलं नाही. दार वाजवलं असतं, पण तुम्हाला ऐकू येणार नाही. हे कारण मला फार सोयीचं पडलं, हेही मान्य करतो.

शीलीन


डोंगरावरची शाळा, २६ फेब्रुवारी २०१६

दादा,

आठ दिवस आपण एका गच्चीवर होतो आणि तरीही पत्रच लिहायला लागतंय. गच्चीवर तुमच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि ज्यासाठी हे लिहितोय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तेरा तारखेला सकाळच्या बसमधून तुम्ही उतरलात. खांद्यावर पिशवी, हातात घरून ठोकून आणलेल्या साठ बाह्यांचं गाठोडं. मी जिन्यात सामोरा आलो तर तुम्ही माझ्या बाजूनं पाहुण्यासारखे वर गेलात. पहिले दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. बोललात ते शेनशी, माझ्याबद्दल, मी तीन हातांवर असताना. "याला सांग, ज्योत पिवळी आहे." शेन बिचारा माझ्याकडे वळून म्हणायचा, "ज्योत पिवळी आहे म्हणतात." मी म्हणायचो, "ऐकलं." तो तुमच्याकडे वळून ओरडायचा, "ऐकलं म्हणतात." पण दादा, ज्योत खरंच पिवळी होती. वाऱ्याचा अंदाज मी घेतला नव्हता. त्यानंतरचे सगळे जोड एका धगीत बसले.

तिसऱ्या दिवशी उताराचं काम निघालं. तुम्ही रांगेच्या टोकाला पाइपाखाली दोन बोटं धरलीत, कठड्यावर खडूनं तिरकी रेघ मारलीत आणि बाजूला झालात.  तीस वर्षं मी अशी रेघ पुसत आलोय. मी कॅलिपर घेऊन तुमच्या बोटांशी आलो, तुम्हीही बोटं मागे घेतली नाहीत. चौतीस मिलिमीटर. मग मी माझी मोजली. अडतीस. मी तुमच्या कानाशी ओरडलो, "कुणाची बोटं धरायची? तुमची का माझी?"

तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "ज्याला अक्कल आहे त्याची."

नऊ वर्षांनंतर थेट मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य. त्या दिवशी मी दहा जोड केले, आणि दहावा नऊसारखाच झाला. चारही रांगांना चौतीस मिलिमीटर दिले. एकतिसाव्या पेटीला तुम्ही पस्तीस म्हणालात आणि मी चौतीस. मापलं तर साडेचौतीस निघालं. ते आपण दोघांनी तसंच सोडून दिलं.

वीस तारखेची संध्याकाळ तुम्हाला सांगायची गरज नाही, पण माझ्या बाजूनं ती कशी होती ते सांगतो. पेट्या भरल्या होत्या. शेननं कुणालाही कॉकला हात लावू दिला नाही. स्वतः उघडला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. दुआन बाई छत्रीच्या टोकानं उगाच डबकं ढवळत होत्या. दहा मिनिटं झाली. धार चालूच होती. अकरा, बारा. चौदाव्या मिनिटाला थेंब पडायला लागले आणि मग तेही थांबले. शेन म्हणाला, "चार मिनिटांचं पाणी आत राहत होतं तर." एवढंच. पण तो ते बाईंना नाही, मला नाही, पाइपाला म्हणाला.

तुम्हाला धार ऐकू येत नव्हती. तुम्ही पहिल्यापासून खालच्या पाइपावर तळवा ठेवून उभे होतात. पाणी निघालं की पातळ तांबं आतून बारीक थरथरतं. तुम्ही ते हातानं ऐकत होता. नवव्या मिनिटाला तुम्ही न बघता माझं मनगट धरलंत आणि माझा हात तुमच्या हाताशेजारी पाइपावर दाबलात. थरथर कमी होत होत पूर्वेकडच्या टोकाशी गेली आणि संपली. पाइप गार पडला. तुम्ही आणखी थोडा वेळ मनगट सोडलं नाहीत. आधी मला वाटलं, खात्री करून घेताय. मग कळलं, खात्री केव्हाच झाली होती.

बावीसला दिव्यांच्या सणाला घरी पोचायचं म्हणून तुम्ही गेलात, त्यामुळे पुढचं तुम्ही पाहिलं नाही. तेवीसला उणे तीन झालं. शेननं पेट्या रिकाम्या करून ठेवल्या होत्या. सकाळी मी चाळीस पेट्यांवरून हात फिरवला. एकही ओल नाही. चोवीसला मुली आल्या. गाद्या, बादल्या, लोणच्याच्या बरण्या, जिन्यात नुसता गोंधळ. संध्याकाळी न्हाणीघराबाहेर रांग लागली आणि पहिल्या पाच मिनिटांत आत किंकाळी. मी धावलो. दुआन बाई दारातच होत्या. म्हणाल्या, "घाबरू नका. तक्रार आली आहे. पाणी फार गरम आहे." आतून कुणीतरी ओरडलं, "बाई, त्यांना काही करू नका म्हणावं. असंच राहू द्या." रांगेतल्या मुली हसायला लागल्या. शेन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मिस्त्री, आता हा दोष कुणाचा?" मी म्हणालो, "हा मेंग दादांचा."

तुम्ही नसताना तुमच्या नावावर टाकलेली ही पहिलीच गोष्ट. बाकीच्या मी आजवर टाकल्याच नव्हत्या. मी सगळीकडे सांगत आलो, मला कुणी शिकवलं नाही. निम्मं खरं आहे. सातवीत शाळा सुटली, आकृत्या वाचायला मी रद्दीतल्या पुस्तकावरून शिकलो, दाबाची आणि उष्णतेची गणितं एकटा बसून सोडवली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी कमी करणार नाही. पण ज्योत निळी कधी असते, तांबं कोणत्या रंगाला आलं की झाळ धरतं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवून राहिलेला खरबरीतपणा कसा ओळखायचा, हे पुस्तकात नव्हतं. हे तुमच्या दुकानातल्या दोन हिवाळ्यांत मी शिकलो. तुम्ही शिकवलंत असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, म्हणून मी ते फुकट घेतलं. आणि शेनच्या बाबतीत तुम्ही ती एक ओळ लिहिली नसती तर मी जोड सगळे नीट केले असते, आणि शेन आज फाटकावर नसता. त्या ओळीसाठी आभार मानायला मला धड शब्द सापडत नाहीत. बाह्या मोजता येतात, हे मोजता येत नाही.

एक काम आहे. या वर्षीपासून डोंगरी भागातल्या शाळांची कामं करायची तर कारागिराचा परवाना लागतो. त्या अर्जात "काम कुणाकडे शिकलात" असा रकाना आहे. तिथं मी तुमचं नाव लिहिलं आहे. तुमच्या नावातलं शेवटचं अक्षर मी दोनदा गिरवून तपासलं, तरी पाहून घ्या. रकान्याखाली शिकवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा लागतो. द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही दिलात तरी नाव खोडणार नाही; परवाना नाही मिळाला तर नाही मिळाला.

अर्ज सोबत आहे. लाल शाईची डबीही पाकिटात घातली आहे, तुमच्याकडची वाळली असेल. अंगठा हलक्या हातानं टेका. तुमच्या हाताचा जोर मला ठाऊक आहे, आणि कागद एकच मिळाला आहे.

तुमचा,
शीलीन